तिसरा तंग

अकरा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी चारोळी नावाच्या घोडीचा तंग मी ढिला केला होता. शालिकभाऊंनी नाही, मी. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तोंडाने तर अजून एकदाही म्हटलेलं नाही. बायकोला माहीत नाही, क्लबात कुणाला माहीत नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या शालिकभाऊंनाही माहीत नाही.

तंग म्हणजे खोगीर जागेवर धरून ठेवणारा पट्टा. घोड्याच्या पोटाखालून घ्यायचा आणि बकलात आवळायचा. चार बोटं रुंद, कातड्याचा, घामाने काळा पडलेला. घोड्यावर कधी न बसलेल्या माणसाला वाटेल, पट्टाच तो, दोन भोकं सैल झाला तर काय एवढं. जेवण जास्त झालं की आपणही करतो. मीही त्या दिवशी स्वतःची समजूत साधारण अशीच घातली होती.

यंदाही थंडी तशीच आली. नागपुरात ती गाजावाजा करत नाही. दिवाळी आटोपते, आणि एका पहाटे जाग आल्यावर लक्षात येतं की पंखा बंद आहे आणि तो आपण कधी बंद केला ते आठवत नाही. मग रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग दिसू लागतात, तर्री-पोह्याच्या गाडीभोवती मफलर गुंडाळलेली माणसं दिसतात, आणि काटोल रोडला जिथे शहर संपतं तिथे सकाळी कमरेएवढं धुकं उभं असतं. त्या धुक्यात आमचा क्लब आहे. क्लब हा शब्द तसा मोठा झाला. सोळा घोडे, पत्र्याचा तबेला, एक मैदान, कडुलिंबाची पाच झाडं, आणि मालकीणबाई, ज्यांना लहानथोर सगळे मॅडम म्हणतात.

नऊ वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो. तिथलं घोडे शिकवायचं काम गुडघ्याचं कारण सांगून सोडलं होतं. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण मी शिकवायचो तो जमिनीवर उभा राहून. मॅडमनाही ते ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही. या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. "मास्तर, एक घोडा खेळांसाठी तयार करून द्या. तुमच्यासारखा हळू हाताचा माणूस आता मिळत नाही."

हळू हात. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हाताकडे बघत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी गेलो.

खेळ म्हणजे घोड्यांचे खेळ. हिवाळ्याच्या शेवटी होतात. सहा खांब ओळीने रोवायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी पळत जायचं, यायचं. लिंबू-चमचा घोड्यावरून. डब्यात चेंडू टाकायचा, तोही घोड्यावरून. आणि सगळ्यात शेवटी, ज्यासाठी लोक खुर्च्या पुढे ओढतात, ते तीन ड्रम. मैदानात तीन ड्रम त्रिकोणात ठेवायचे आणि घोड्याने प्रत्येकाला एकेक वेढा घालून परत सुटायचं. वरून पाहिलं तर ही वाट बेलाच्या पानासारखी दिसते, देठ आणि तीन पानं. घड्याळावर शर्यत असते. वळताना घोडा इतका झुकतो की स्वाराचा आतला पाय जमिनीला टेकेल असं वाटतं. त्या क्षणी स्वार आणि जमीन यांच्यामध्ये काय असतं, तर तो पट्टा.

चारोळी तेव्हा चार वर्षांची होती. चारोळीच्या दाण्यासारखाच फिकट तपकिरी रंग, कपाळावर बोटभर पांढरं. शाळेत मी पी.टी. शिकवायचो, त्यामुळे सकाळचे दोन तासच माझे असत. साडेपाचला मी क्लबात पोचायचो. तोवर शालिकभाऊंचा खरारा करून झालेला असायचा. ते चारोळीचे सईस. म्हणजे तिला चारा घालणं, चोळणं, खुरं साफ करणं, खोगीर चढवणं हे सगळं त्यांचं. पन्नाशी उलटलेली, काटक अंगाचे, डोक्याला कायम मळकट टॉवेल. तीस वर्षं घोड्यांत काढलेली. मी त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पण ते मला मास्तर म्हणत आणि मी त्यांना शालिकभाऊ.

तीन महिने आम्ही दोघांनी त्या घोडीला एकेका गोष्टीची सवय लावली. लोकांना वाटतं खेळाचा घोडा तयार करायचा म्हणजे पळवायचा. पळणं त्याला येतंच. शिकवायचं असतं ते न दचकणं. निळे प्लॅस्टिकचे ड्रम आणले होते, बुटीबोरीच्या कुठल्याशा कारखान्यातून टाकून दिलेले, आतून अजून साबणासारखा वास येणारे. पहिल्या दिवशी चारोळीने त्यांच्याकडे पाहून असा फुत्कार टाकला की दोन कावळे उडाले. शालिकभाऊंनी तिच्या भिजवलेल्या चण्यांचं घमेलं उचललं आणि ड्रमवर ठेवलं. दोन दिवस ती उपाशीपणाचं नाटक करत राहिली. तिसऱ्या दिवशी मान लांब करून, अंग मागेच ठेवून, चणे खाऊन गेली. आठवड्याने ड्रमला अंग घासत उभी.

"पोटाहून मोठा मास्तर नाही मास्तर," शालिकभाऊ म्हणाले.

मग छत्री उघडायची, मिटायची. पॉलिथिन काठीला बांधून फडफडवायचं. लाउडस्पीकरची सवय व्हावी म्हणून शालिकभाऊंनी तिच्या खोलीत रेडिओ टांगला. शेतीविषयक कार्यक्रम ती मन लावून ऐकते असं त्यांचं मत होतं. "सोयाबीनचा भाव सांगून राहिले की कान कसे टवकारते पाहा."

एक गोष्ट मात्र तिची सुटेना. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सकाळी खांबांच्या सावल्या दहा-दहा फूट लांब पडत. चारोळी खांबाला घाबरायची नाही, खांबाच्या सावलीला घाबरायची. सावली आली की उडी. जणू नालाच आहे. तिच्यावर बसणारी ऋचा, तेव्हा सोळा वर्षांची, प्रत्येक उडीला पुढे मानेवर आपटायची आणि हसत सुटायची. "सर, हिला सांगा ना, ते काही नाहीये म्हणून." दहा वाजता सावल्या आखडत आणि घोडी शूर होई. पण दहापर्यंत मला थांबता येत नसे, शाळा होती. शेवटी शालिकभाऊ रोज ऊन पडताच तिला हाताने धरून त्या सावल्यांवरून चालवायला लागले. एकेक सावली. थांबायचं, सावलीवर उभं राहायचं, गुळाचा खडा. सहा सावल्या, सहा खडे. विरत्या धुक्यातून ती दोघं परत येताना मला आधी त्यांचा टॉवेल दिसायचा, मग तिचं कपाळ, आणि दोघांच्याही तोंडातून निघणारी वाफ.

आता बंड्याला शिकवताना हे सगळं आठवतं. बंड्या म्हणजे या वर्षीचा घोडा. थोराड, आळशी, कशालाच न घाबरणारा. ड्रम दाखवला तर ड्रमवर हनुवटी ठेवून डुलकी काढतो. त्याला शिकवण्यासारखं फारसं काही नाही, फक्त जागं ठेवायचं. परवा खांबांमधून जाताना मी त्याच्या पुढ्यात पडलेल्या सावलीपाशी नकळत थांबलो आणि खिशात हात घातला. खिशात गूळ नव्हता. बंड्या माझ्याकडे बघत राहिला. मग सावली तुडवून पुढे गेला.

तंगाबद्दल शालिकभाऊंचा एक नेम होता. तंग तीन वेळा. पहिल्यांदा तबेल्यात, खोगीर ठेवल्यावर, नुसता लागेल इतपत. घोडा लबाड असतो, तेव्हा पोट फुगवून उभा राहतो. मग त्याला वीस पावलं चालवायचं, तो श्वास सोडतो, तेव्हा दुसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा मैदानाच्या फाटकाशी, स्वार बसायच्या आधी. प्रत्येक वेळी तोंडाने मोजायचं. एक झाला. दोन झाले. तीन झाले मास्तर. तिसरा आकडा मला ऐकवल्याशिवाय त्यांनी घोडी कधी पुढे सोडली नाही. तंगाला हात फक्त सईसाचा, हा तबेल्याचा कायदा. स्वाराने लावायचा नाही, मास्तरने नाही. चार हात लागले की कुणी काय केलं ते कळत नाही, म्हणून.

चारोळीला तिसरा तंग आवडत नसे. बकल चढलं की कान मागे, शेपटीचा फटका, हवेत चावा. मी त्या काळात घोड्यांविषयी बरंच वाचत होतो. घोड्यावर जोर करू नये, त्याच्या मनाने घ्यावं, असं माझं नवं मत झालं होतं आणि ते मी सगळ्यांना ऐकवत असे.

"शालिकभाऊ, एवढा आवळू नका. तिला त्रास होतो."

"काहून होते त्रास? दोन बोटं आत जातेत. पाहा."

"तिला आवडत नाही ते."

"तिले आवडाले ते लुगडं हाय का मास्तर? तंग हाय तो."

ऋचा हसली. मीही हसलो. पण ते वाक्य मला कुठेतरी लागलं, हे आज कबूल करतो. एका सईसाने मुलीसमोर मला गप्प केलं होतं. बारीकसा काटा, पण तो मी काढून टाकला नाही.

तो रविवार स्वच्छ होता. धुकं लवकर उठलं. मैदानाच्या कडेने मंडप, खुर्च्या, मुलांचे आईवडील, स्वेटरांचे रंग, ऊन. बाहेरच्या क्लबांचे घोडे आलेले. लाउडस्पीकरवर कुणीतरी सारखं हॅलो हॅलो करत होतं आणि चारोळीला त्याचं काही नव्हतं. सोयाबीनच्या भावाने तिला तयार केलं होतं. खांबांची शर्यत तिने नीट पूर्ण केली. सावल्यांवरून गेली. ऋचाने परत येताना माझ्याकडे पाहिलं नाही, शालिकभाऊंकडे पाहिलं, आणि शालिकभाऊंनी टॉवेलने तोंड पुसलं.

मग ड्रम. फाटकाशी घोडे ओळीने उभे. शालिकभाऊंनी तिसरा तंग आवळला. चारोळीने पाय आपटला, मान फिरवली, हवेत चावली. शेजारी दुसऱ्या एका क्लबचे शिक्षक उभे होते, मोठे नाव असलेले, टोपीवाले. त्यांनी भुवया उंचावल्या. "नवी आहे वाटतं. तापट दिसते."

"तीन झाले मास्तर," शालिकभाऊ म्हणाले. ते मला म्हणाले. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. मग बादली घेऊन ते पाण्याला गेले, कारण शर्यतीनंतर तिला कोमट पाणीच लागे आणि ते पलीकडे स्वयंपाकाच्या मंडपात होतं.

घोडी पाय आपटतच होती. टोपीवाले बघत होते. माझ्या हळू हाताची, माझ्या मताची, सगळ्यांना ऐकवलेल्या शिकवणीची परीक्षा तिथे फाटकात चालली होती असं मला वाटलं. मी खोगिराचा पदर उचलला आणि तंग दोन भोकं खाली घेतला.

चारोळीने श्वास सोडला. मान खाली केली. ओठ चाटले. मला आजही तो श्वास माझ्या मनगटावर जाणवतो.

"वा," टोपीवाले म्हणाले. "हाताला यश आहे तुमच्या."

मी नंबर पुकारायच्या वेळी पुन्हा आवळणार होतो. हे अगदी खरं आहे, आणि त्याने काहीही फरक पडत नाही. आमच्या आधीच्या दोन घोड्यांची नावं मागे घेतली गेली. ऋचाचा नंबर एकदम लागला. मी टोपीवाल्यांना माझी पद्धत सांगत होतो, हातात चहाचा ग्लास. वळून पाहिलं तर ऋचा चढलेली होती आणि घोडी फाटकातून आत गेलेली होती. ओरडता आलं असतं. मला वाटलं, दोन भोकं तर आहेत.

पहिला ड्रम छान झाला. दुसराही. लोक उभे राहिले. तिसऱ्या ड्रमला घोडी झुकली आणि खोगीर हळूच, मी सांगतो ना, अगदी हळूच, भिंतीवरची तसबीर तिरपी व्हावी तसं एका बाजूला सरकलं. ऋचा त्याच्याबरोबर गेली.

तिचं गळ्याखालचं, खांद्याला जोडलेलं हाड मोडलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात दोन दिवस होती, मग दोन महिने हात गळ्यात. आता ती पुण्यात असते, नोकरी करते, बरी आहे. घोडी मात्र खोगीर पोटाखाली लोंबतंय आणि मागच्या पायांना लागतंय अशा अवस्थेत मैदानाला चार फेऱ्या मारत राहिली. तिला पकडलं शालिकभाऊंनी. कोमट पाण्याची बादली खाली ठेवली आणि चालत मैदानाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले, हात खाली सोडून. पाचव्या फेरीला ती त्यांच्यापाशी येऊन थांबली.

संध्याकाळी तबेल्यात मॅडमनी विचारलं, "तंग कुणी बघितला होता?"

सगळ्यांनी शालिकभाऊंकडे पाहिलं. शालिकभाऊंनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"मीच पाह्यला जी," ते म्हणाले. मग थांबले. "तिसऱ्या खेपेले पाह्यला का नाही, आता ध्यानात येऊन नाही राहिलं. पाण्याची घाई होती. पाह्यला असन. पण मंग ढिला कसा राहीन?"

बोलायची वेळ ती होती. जीभ उचलायची, एवढंच. माझे हात स्वेटरच्या खिशात होते. मी म्हणालो, "नवी घोडी आहे. होतं असं एखाद्या वेळी. त्यांना काही बोलू नका."

मॅडमनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. इतरांनीही. शालिकभाऊंनी पाहिलं ते उपकार झालेल्या माणसासारखं. त्या नजरेपुढे खरं बोलणं आणखी अवघड झालं, आणि पुढे दर वर्षी थोडं थोडं अवघड होत गेलं. थंडीत ठेवलेलं तूप जसं घट्ट होतं तसं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ऋचा म्हणाली, "सर, मी पण चढायच्या आधी बघायला हवं होतं." मॅडम म्हणाल्या, दोन नंबर गळाले तेव्हा त्यांनी थोडं थांबवायला हवं होतं. त्या चुकीचा तुकडा उचलायला जो तो हात पुढे करत होता. मी तेवढा सगळ्यांना समजावत फिरत होतो की तुमचा काही दोष नाही.

शालिकभाऊंना कुणी काढलं नाही. आठ दिवसांनी ते आपणच गेले. सकाळी मी पोचलो तेव्हा खरारा धुऊन, वाळवून, माझ्या खुर्चीवर ठेवलेला होता. ते दारात उभे होते, टॉवेल खांद्यावर.

"मास्तर, हात भुलला माहा. असा भुललेला हात जनावराले लावू नाही."

"अहो शालिकभाऊ, तीस वर्षांत एकदा."

"तेच तं. कधी भुलला तेच मले समजून नाही राहिलं. समजलं असतं तं सुधारला असता."

मला माहीत होतं कधी. तो भुललाच नव्हता. त्यांचा आवाज, ते "तीन झाले मास्तर", ऐकणारा जगात मी एकटा होतो. माझ्यापाशी त्यांची साक्ष होती आणि मी ती दाबून बसलो होतो. मी त्यांना चहा घ्या म्हटलं. त्यांनी घेतला.

चारोळीने त्यानंतर पाठीवर खोगीर ठेवू दिलं नाही. मी वर्षभर प्रयत्न केला, माझ्या सगळ्या हळूपणाने. पट्टा पोटाला लागला की तिच्या अंगावर काटा यायचा, खरोखरचा, केस उभे राहताना दिसायचे. शेवटी मॅडमनी तिला कळमेश्वरच्या बाजूला ओळखीच्यांच्या संत्र्याच्या बागेत सोडलं. तिथे ती आहे, लठ्ठ झाली आहे, संत्र्याची सालं खाते. मी एकदा पाहून आलो. ती कुंपणापाशी आली, माझ्या खिशाला हुंगलं आणि निघून गेली.

शालिकभाऊ बुटीबोरीला लेकीकडे गेले आणि तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर राखणदार झाले. मला ते त्यानंतर दोनदा भेटले. एकदा सीताबर्डीला, चपलांच्या दुकानासमोर. पहिला प्रश्न, "चारोळी कशी हाय?" दुसरा, "ऋचाबाईचा हात?" आपल्या नोकरीविषयी म्हणाले, "चांगली हाय. आपले ते निळे ड्रम असतेत ना मास्तर, तसे गाडीच्या गाडी भरून जातेत माह्यासमोरून. मी मोजत असतो." आणि हसले.

दुसऱ्यांदा मी घरीच गेलो, तीन वर्षांपूर्वी, सांगायचं ठरवून. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. घरी त्यांची मुलगी होती, वंदना. शालिकभाऊ दुकानातून साखर आणायला निघाले तर दाराला बाहेरून कडी घालून उघडून बघत राहिले. घातली, ओढून पाहिली, काढली, पुन्हा घातली. आत आम्ही बसलेलो.

"बाबा, आम्ही आत हावो," वंदना म्हणाली. कडी निघाली. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "असंच हाय काका. कुलूप म्हणू नका, ग्यास म्हणू नका, धा-धा वेळा पाह्यतेत. पहिले असे नोयते. घोड्याचं काम सोडल्यापासून सवताच्या हातावर भरवसाच नाही राह्यला त्याहिले."

ते साखर घेऊन आले. पुडी माझ्यासमोर ठेवली आणि गाठ ओढून पाहिली. मी दोन कप चहा प्यालो. पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. बस पकडून परत आलो.

एवढं सगळं मी याही हिवाळ्यात पोटातच ठेवलं असतं. माणसाला सवय होते, घोड्याला ड्रमची होते तशी. पण गेल्या मंगळवारी एक गोष्ट झाली. बंड्याचा सईस अस्लम म्हणून आहे, तिशीचा, हुशार, हाताला गोड. मी बंड्याला मैदानात नेणार तेवढ्यात तो मागून म्हणाला, "मास्तर, थांबा जरा. शालिक तं नाही ना राहिला, पाहून घेतो."

"काय नाही राहिला?"

"शालिक. ढिला तंग." त्याने दोन बोटं पट्ट्याखाली घालून पाहिली. "आमच्यात तसंच म्हणतेत. नव्या सईसाले पहिले हेच शिकवतेत, शालिक करू नको बाप्पा म्हणून. दुसऱ्या क्लबातही म्हणतेत."

"का म्हणतात तसं?"

"काय मालूम. कोणी बुढा होता म्हणे, भुलक्कड. एका पोट्टीले पाडलं त्यानं." मग बकल चढवत त्याने सहज विचारलं, "होता का जी खरंच असा कोणी? तुमी तं जुने आहे."

धुकं होतं. बंड्या जांभई देत होता. अस्लमच्या बोटांत पट्टा होता, आणि मला फक्त तो ताणलेला पट्टा दिसत होता.

"होता," मी म्हणालो. "भुलक्कड नव्हता." त्याच्या पुढे जीभ गेली नाही. अस्लमने मान हलवली आणि बादली उचलून गेला.

म्हणजे असं झालं आहे. तीस वर्षं ज्या माणसाने एकदाही तंग ढिला ठेवला नाही, त्याचं नाव तबेल्यात ढिल्या तंगाला पडलं आहे. ज्यांनी त्यांना पाहिलेलं नाही अशा माणसांच्या तोंडी ते बसलं आहे आणि आता रोज पहाटे कुठे ना कुठे घेतलं जातं. मी मेल्यावरही घेतलं जाईल. ते त्यांच्या कानावर गेलं आहे का, मला माहीत नाही. गेलं असेल तर त्यांनी मान डोलावली असेल, बरोबर आहे म्हणून, आणि उठून कडी पाहून आले असतील.

बंड्याचे खेळ पुढच्या महिन्यात आहेत. तो पळेल, न पळेल. त्याचं काही अडलेलं नाही. मंगळवारपासून मी अस्लमला तंग मोजायला लावतो, मोठ्याने, तीन वेळा. तो विचारतो ही कुणाची पद्धत. मी सांगतो, शालिकभाऊंची. त्याला वाटतं मी थट्टा करतो आहे.

लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. हे पेपरात छापून आलं तरी शालिकभाऊ पेपर वाचत नाहीत, चष्म्याचा कंटाळा करतात. तेव्हा मॅडमना सांगायचं आहे, ऋचाला फोन करायचा आहे, अस्लमला नीट बसवून सांगायचं आहे. पण ते सगळं नंतर. त्याआधी बुटीबोरीची बस आहे, तिसरी गल्ली आहे, आणि दाराची कडी पुन्हा पुन्हा ओढून बघणारा एक म्हातारा आहे, ज्याला मी अकरा वर्षं त्याचं एक वाक्य परत दिलेलं नाही.

तीन झाले होते, शालिकभाऊ. मी ऐकलं होतं. ढिला मी केला.